फोटोवर पाहणाऱ्याचं नाव

“फोटो सगळ्यायले दिसला पाह्यजे, पण कोणाले नेता नाही आला पाह्यजे,” भाऊसाहेब टेबलावर बोट आपटत म्हणाले.

“दोन्ही एकदम कसं जमेल?” मी विचारलं.

“ते तुमी पाहा. मॅडम तुमी हाय ना!”

भाऊसाहेब म्हणजे अकोल्याच्या एका वधू-वर मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची वेबसाइट अमरावतीच्या आमच्या छोट्या ऑफिसने केली होती. प्रोग्रामिंग माझे पार्टनर साजिदभाई बघायचे. मजकूर, फोटो आणि क्लायंटचा संताप माझ्या वाट्याला. तुमच्या आजीने असंही काम केलंय, हे तुमच्या आईबाबांनी तुम्हाला सांगितलं नसणार.

ते दिवस कापसाचे वाईट होते. मुलींचे वडील शेतीवाला मुलगा नकोच म्हणत. त्यामुळे बायोडेटात मुलाची शेती खाली खाली सरकत जाई. एकाने तर छंदांच्या रकान्यात ‘पोहणे, वाचन, बारा एकर’ असं लिहून पाठवलं होतं.

त्या दिवशी भाऊसाहेबांच्या शेजारी चांदूर रेल्वेची प्रणिता आणि तिचे वडील बसले होते. कोणीतरी साइटवरून प्रणिताचा फोटो उचलला होता. तो अकोल्यातल्या एका ब्यूटी पार्लरच्या फ्लेक्सवर ‘आमचा मेकअप’ म्हणून झळकला. तिने मेकअप केलेलाच नव्हता, हे तिच्या आईचं वेगळं दुःख. वडिलांनी फ्लेक्स उतरवायला लावला आणि तडक आमच्याकडे आले.

“पोरीचा फोटो काढून टाका,” ते म्हणाले.

“बाबा, फोटो काढला तर माझं लॉगिन बंद होते,” प्रणिता म्हणाली. मंडळाचा नियमच होता : फोटो द्याल तर फोटो पाहाल. “मग मी स्थळं कशी पाहू? मामा आणतील त्यालेच हो म्हणू काय?”

“मामा काय वाईट आणतील?”

“मागचा आणला होता, त्याले तुमीच पळवून लावलं.”

वडील जरा नरमले. दिवाळीपर्यंत थांबायला तयार झाले. फोटो पुन्हा बाहेर दिसला, तर प्रणिताचं नाव साइटवरून जाणार आणि मुलगा मामा ठरवणार. प्रणिता जाताना माझ्याकडे अशी बघून गेली, जणू परीक्षेचा पेपर मलाच दिलाय.

पहिला उपाय सोपा. माउसचं उजवं बटण दाबून फोटो ‘सेव्ह’ करता येतो. साजिदभाईंनी ते बंद केलं. बटण दाबलं की ‘फोटो घेऊ नये’ अशी पाटी यायची. भाऊसाहेबांना ती पाटी इतकी आवडली, की ते कितीतरी वेळ नुसतं बटणच दाबत बसले.

“झालं लॉक,” साजिदभाई म्हणाले. “आता कीबोर्डवरचं हे ‘प्रिंट स्क्रीन’ दाबा.” दाबलं. स्क्रीनवर होतं ते सगळं, प्रणितासकट, कॉपी झालं.

“मग लॉक काहून लावलं?” भाऊसाहेब खवळले.

दुसरा उपाय वॉटरमार्क. म्हणजे नोटेवर पाणचिन्ह असतं, तसं फोटोवर फिकट चिन्ह. भाऊसाहेबांनी मंडळाचं बोधचिन्ह एवढं मोठं करायला लावलं, की मुलींच्या चेहऱ्याऐवजी मंगलकलशच दिसू लागला.

“भाऊसाहेब, लग्न मुलीशी लावायचं की मंडळाशी?” मी विचारलं.

तोडगा मला स्वयंपाकघरात सापडला. शेजारणीकडून डबा परत आला होता. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेतात, तसं त्यावरही माझं नाव होतं. म्हणून तर तो परत आला. मनात आलं, डबा कोणाचा हे नावावरून कळतं. फोटो कोणाचा हे चेहऱ्यावरूनच कळतं. कळत नाही ते एवढंच, की नेला कोणी. मग नेणाऱ्याचंच नाव घालावं.

साजिदभाई हसत सुटले. “म्हणजे जो पाहील त्याचंच नाव? मॅडम, ये तो बडी शरीफ धमकी है!”

त्यांनी तसं केलं. सभासद लॉगिन करून फोटो उघडायचा, तेव्हा त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, फोटोवर तिरकं आणि फिकट उमटायचं. चेहरा नीट दिसे. फोटो नेताही येई. पण नाव सोबत जाई. तशी सूचनाही आम्ही साइटवर टाकली. ती कोणी वाचली नाही. सूचना कोण वाचतं?

दिवाळीच्या थोडं आधी प्रणिताचे वडील पुन्हा दारात उभे. हातात फोटोच्या प्रिंटची रंगीत झेरॉक्स. परतवाड्याला प्रणिताची मावशी राहते. एक कुटुंब तो प्रिंट घेऊन मुलीची चौकशी करायला नेमकं तिच्याकडेच गेलं होतं; तिने झेरॉक्स काढून घेऊन तो परत दिला.

मी चष्मा लावला. प्रणिताच्या खांद्यावरून तिरकं नाव गेलं होतं. भाऊसाहेबांचं. वडिलांच्या नावासकट.

मी लगेच त्यांना फोन लावला.

“मी काय चोरला हाय का, मॅडम? साळ्याच्या पोराले दाखवाले नेला!”

“हो ना. मग परत कधी करताय?”

स्थळ जुळत नसेल तर फोटो परत करायचा, ही रीत भाऊसाहेबच प्रत्येक मेळाव्यात माइकवरून सांगत.

ते स्वतः चांदूर रेल्वेला गेले. सोबत साळा आणि त्याचा मुलगा. पुढचं प्रणितानेच मला सांगितलं. मुलाच्या बायोडेटात ‘ॲग्रो कन्सल्टंट’ होतं. “कोणाले सल्ला देता?” तिने विचारलं. तो वडिलांकडे बघत म्हणाला, “बाबाले.”

“शेती हाय म्हणता नाही आलं काय?” एवढंच बोलून तिने चहा दिला, नकार दिला आणि फोटो ठेवून घेतला.

तिचे वडील मला फोनवर म्हणाले, “राहू द्या फोटो. आता नेणाराच घरी आणून देऊन राहिला.”

पुढे तिने साइटवरूनच नांदगाव खंडेश्वरचा मुलगा निवडला. त्याच्या बायोडेटाची पहिलीच ओळ होती : ‘शेती करतो.’ लग्नात अक्षता वाटायला सगळ्यात पुढे भाऊसाहेब होते.

तुम्ही दोघं रोज फोटो टाकता, म्हणून हे लिहिलं. नाव घातलेला चमचासुद्धा कोणी नेऊ शकतो. फक्त पाहुण्यांच्या ताटात वाढायला तो काढता येत नाही; नाव सगळे वाचतात.