तांबड्यावर घातलेला आळ

हे मी हौसाच्या चितेपुढं उभं राहूनही बोललो नाही. मुलांना माहीत नाही, सुनांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर बहुतेक आजही खोटंच सांगितलं असतं.

हौसा माझी बायको. माहेर मोशीचं. तिला एकच डोळा होता, हे आमच्या निघोज्यात सगळ्यांना ठाऊक. दुसरा कसा गेला, तेही ठाऊक — म्हणजे मी जे सांगितलं ते ठाऊक.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते आणि गावातून तिकडं कामाला लागलेला मी पहिलाच. सायकलवरून जायचो. खाकी कपड्यात परत आलो की पारावरची म्हातारी माणसं सरकून जागा द्यायची. डोक्यात काय हवा जाते अशानं — कसं सांगू?

आमच्या मिस्त्रीनं कारखान्यात एक कोडं बनवलं होतं. मुंबईच्या गोदीत एका चिनी सुताराकडं त्यानं तसलं पाहिलं होतं म्हणे. दोन जाड लोखंडी नाल, साखळीच्या तुकड्यांनी एकमेकांना जोडलेले, आणि मध्ये अडकलेली एक कडी. काही न तोडता, न वाकवता ती कडी बाहेर काढायची. जेवणाच्या सुट्टीत सगळे झटायचे. मी फुशारकीनं म्हणालो, घरी नेतो, सोडवूनच आणतो. नाही सुटलं. चिडून भिंतीवर आपटायचो. हौसा उचलून फळीवर ठेवायची.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मिस्त्री आणि कामावरचा आणखी एक सोबती आमच्याकडं जेवायला आले. मिस्त्रीनं विचारलं, "काय राव, सुटलं का?" मी कोडं घेऊन बसलो. ओढलं, पिळलं, कानशिलं तापली. हौसा भाकरी वाढायला आली आणि हसली. "अवं, जोर नगा लावू. हिकडं द्या."

पिठाच्या हातांनीच तिनं एक नाल दुसऱ्यावर दुमडला, कडी सरकवली — झालं. कडी तिच्या तळहातावर. मी कामावर गेलो की ती त्याच्याशी खेळत असणार. मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मिस्त्री खो खो हसला. "भावा, उद्यापासनं तू चूल फुंक, वहिनींना कामाला धाड!" मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. ते पोटभर जेवले आणि तिचं कौतुक करत गेले.

मग? आजवर मी स्वतःलाही सांगत आलो — रागात फेकलं, चुकून लागलं. नाही. फेकलं नाही. ती वाकून ताटं उचलत होती. मी कोड्याचं ते लोखंड मुठीत आवळलं, नालाचं टोक बाहेर ठेवलं आणि मारलं. पहिला घाव गालावर बसला. तिनं हात आडवा धरला. तो मी खाली ओढला — आणि परत मारलं. दुसऱ्यांदा मी कुठं मारतोय ते मला दिसत होतं.

रक्त तिच्या हनुवटीवरून ताटात पडत होतं. मला दया आली का? नाही. भीती वाटली. कामावर कळलं तर? तिच्या बापाला कळलं तर?

गोठ्यात तांबड्या होता. लग्नात तिच्या बापानं, आबांनी, गाय दिली होती. तिचं हे खोंड. गाय लवकर मेली, तेव्हा हौसानं बोटं दुधात बुडवून, त्याला चोखायला देऊन जगवलं होतं. कुत्र्यासारखा तिच्या मागं फिरायचा. मी तिच्या जखमेवर फडकं दाबलं आणि म्हणालो, "खोंडानं शिंग मारलं म्हणायचं. दुसरं काही बोललीस तर कायमची माहेरी." चाकणच्या डॉक्टरलाही मीच शिंगाचं सांगितलं. त्यानं डोळा गेल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आबा आले. लेकीचं तोंड पाहिलं, मी सांगितलेलं शिंगाचं ऐकलं. अंगणात पहार पडली होती, ती उचलली. "धरा त्याला, जावईबापू."

मी धरलं. हो — मी. वेसण हाताला गुंडाळून धरलं. पहिल्या घावात पुढचा पाय मोडला. खोंड माझ्यावर आलं नाही, आबांवर धावलं नाही. घराच्या दाराकडं मान वळवून हंबरत राहिलं. घाव पाठीवर, बरगड्यांवर पडत होते, हाडाचा आवाज येत होता, आणि आबा रडत रडत मारत होते. "माझ्या लेकीचा डोळा... माझ्या लेकीचा..."

हौसा भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत आली. "आबा, मारू नगा! त्यानं न्हाई ओ —"

मी तिच्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं.

तिनं पदर तोंडात कोंबला. आबांना वाटलं, पोर मायेपोटी बोलतेय. पुढचा घाव कपाळावर बसला. वेसणीला एकदम ओझं आलं आणि मी सोडून दिली.

त्यानंतर मी तिच्यावर हात उगारला नाही. हे चांगुलपण म्हणून सांगत नाही — उगारायची गरजच उरली नव्हती. ती माझ्यासमोर कधी हसली नाही. संसार केला, पोरं वाढवली, मला वेळेवर भाकरी दिली.

काही वर्षांनी आबा आजारी पडले. आम्ही मोशीला गेलो. घर माणसांनी भरलेलं. हौसा त्यांच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होती. आबांनी माझा हात धरला. त्यांच्या हातात जोर नव्हता, तरी मला तो सोडवत नव्हता.

"ती गाय म्या दिली, जावईबापू. माझ्यामुळं तुमाला एकडोळी बायकू आली. तुमी कधी बोलून दावलं न्हाई. मला माफ करा."

हौसाचा चमचा थांबला. तिनं मान वर केली नाही.

आणि मी, सगळ्यांच्या देखत, आबांच्या हातावर हात ठेवून म्हणालो, "केलं माफ, आबा."