झाकणावरची खुर्ची

आमच्या शेजारच्या बंगल्यातले काका ड्रेनेजची कंत्राटं घेऊन श्रीमंत झालेले. सकाळी फाटकाशी भेटले की हवापाण्याचं काहीतरी काढायचे आणि वाक्य अर्ध्यावर सोडून "असो" म्हणायचे.

एकदा गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं. आम्ही चार-पाच घरांनी मिळून एक माणूस बोलावला. त्यानं शर्ट काढला आणि चेंबरचं झाकण उचकटायला तो वाकला, तेवढ्यात काका खुर्ची घेऊन आले, ती झाकणावरच मांडून बसले.

"मशीन बोलवा. माणूस आत उतरणार नाही."

"दहा मिनिटांचं काम आहे, साहेब," तो माणूस म्हणाला.

मी जरा कुत्सितपणेच म्हणालो, "अहो काका, तुम्ही तर जन्मभर माणसंच उतरवलीत."

"उतरवली," ते शांतपणे म्हणाले. "त्यातले दोघं वर आले नाहीत. हा बंगला त्यानंतरचा आहे."

त्या माणसानं शर्ट घातला आणि तो काकांच्या शेजारी कट्ट्यावर टेकला. काका उन्हात बसून राहिले.

मशीन संध्याकाळी आलं. तोवर आमच्या घरातलं न्हाणीघर तुंबलेलंच होतं, आणि दिवसभर मला राग येत होता तो काकांचाच. त्याची लाज वाटायला पुढे बरीच वर्षं लागली.