लेथवर चढलेला तवा

पाण्याच्या मोर्चात ऐन घोषणेच्या वेळी आमचा भोंगा खरखरला आणि गप्प झाला. भोंग्याचं दुखणं ओळखणारा माणूस आमच्याकडे एकच, देवचंद आबा. अकरा वर्षांत त्यांचा एक मोर्चा चुकला नव्हता. त्या गुरुवारी चुकला. दोनशे बायका घेऊन मी नुसत्या घशावर वेळ निभावली, निवेदन साहेबाच्या टेबलावर आपटलं आणि तशीच तरातरा आबांच्या दारात गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू?

आबा ओट्यापाशी उभे. हातात उलथणं, तव्यावर काहीतरी चिकटलेलं, आणि चेहरा घाटात ब्रेक गेल्यासारखा.

"आबा, लाज वाटते का काही?"

"वाटते ना ताई," ते म्हणाले, "पण ती तुमच्या मोर्चाची नाही. आधी आत या. दार लोटून घ्या."

आबांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एस.टी.च्या धुळ्याच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं मेकॅनिक. इंजिनाला कान लावून कोणतं बेअरिंग रडतंय ते सांगणारे. रिटायर झाले, पण हात रिटायर झाला नाही. वाकडं काही दिसलं की यांच्या अंगाला खाज सुटते. लग्नाला गेले तर जेवायच्या टेबलाखाली आधी पत्रिकेची घडी सारतात, मग पान वाढू देतात. घरातला बाबासाहेबांचा फोटोसुद्धा ओळंबा लावून टांगलाय. एकदा मयताला गेले आणि तिथला डुगडुगणारा पंखा घट्ट करून आले. मयताच्या मुलाला रडावं की आभार मानावे ते कळेना.

या माणसाची बायको नर्मदाबाई. तिचे खालचे-वरचे मिळून नऊ दात उरले होते, तेही एकमेकांशी बोलत नव्हते. मुलगी सपना जळगावला, तिनं तिथला डॉक्टर बघितला. सगळे काढायचे, हिरड्या भरू द्यायच्या, दोन महिन्यांनी कवळी. तोवर मऊ खायचं.

"मऊ म्हणजे काय, धिरडं," नर्मदाबाई म्हणाली. "पण करणार कोण? मला तर डॉक्टरनं शेगडीच्या धगीपाशी उभी राहू नको सांगितलं."

"मी करीन," आबा म्हणाले.

ती जायच्या दिवशी सकाळी त्यांनी नमुना करून दाखवला. दादर ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, लसूण-मिरची, सगळं मापात. धिरड्याच्या कडा जळून ताठ झाल्या आणि मधला भाग ओला राहिला. नर्मदाबाईनं ते बोटानं उचललं, उजेडात धरलं.

"कडे पापड नि मझार पिठलं! एकच धिरडामा दोन जेवनं व्हयनात."

"तवाना दोष शे," आबा म्हणाले. "तवाले पोट उनं शे." म्हणजे तव्याला पोट सुटलंय.

"त्या तवावर मी चाळीस वरीस धिरडा टाकात. तव्हय पोट नव्हतं का?"

एवढं बोलून ती बसमध्ये बसली. दहा दिवसांनी, रविवारी सकाळी परत येणार होती. तवा बिडाचा, तिच्या आईचा. लग्नात सासरी येताना पेटीत कपड्यांखाली घालून आणलेला. इतका काळा आणि गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं.

आणि आबांनी काय केलं? तवा पिशवीत घातला आणि रतिलालकडे नेला. रतिलाल यांच्याच हाताखाली शिकलेला. आता स्वतःचं लेथ मशीन टाकून बसलाय. आबांनी पट्टी लावून दाखवलं की मध्यभाग खोल आहे, पीठ तिथे जमतं, म्हणून मधे जाड आणि कच्चं. हिशोब बरोबर. मग दोघांनी तवा लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरला, फिरवला आणि हत्यार लावून कडेचा भाग मधल्याच्या पातळीवर आणला. काळी पापडी आणि लोखंडाचा बुरा खाली पडत होता आणि हे दोघे चहा पीत बघत होते. शेवटी रॉकेलनं पुसला. आबा सांगत होते, "ताई, आरशासारखा झाला हो. मी त्यावर काचेची गोळी ठेवली. हलली नाही!"

"आणि धिरडं?"

"ते पण हलत नाही."

मी तवा पाहिला. पांढरा पडलेला. त्यावर दादरचं पीठ असं धरून बसलं होतं, जसा खुर्चीवर साहेब. आबांनी तीन दिवसांत सतरा धिरडी खरवडून काढली होती. शेजारच्या तोतारामची शेळी पहिली चार खाऊन गेली होती. पाचव्याला तिनं वास घेतला आणि मान फिरवली.

"ताई, तुम्ही बाई माणूस, काहीतरी..."

"आबा, मी बाई आहे, आचारी नाही! माहितीचा अर्ज लिहून हवा तर सांगा." चिडलेच मी. पण त्यांचा चेहरा बघून थांबले. हा माणूस लाठीमारात उभा राहिलेला, आणि रविवारच्या बसची त्याला धडकी भरली होती. "आईचा तवा हो," एवढंच म्हणाले. "तिच्याकडे आईचं दुसरं काहीच नाही."

मग मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. नेमीचंदभाऊंची आई सुगनबाई गल्ल्याच्या मागे चटईवर बसलेली असते. चीला, म्हणजे त्यांच्याकडचं धिरडं, खावा तर तिच्या हातचा. आमच्या सभेला दोनदा तिनं पाठवला होता, दोन्ही वेळा भाषणं लवकर आटोपली. तिला सगळं सांगितलं, तशी ती काठी घेऊन उठलीच.

आबांच्या ओट्यापाशी येऊन तिनं तव्यावर बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला.

"देवचंदभाऊ, ये क्या किया? तव्याची चामडी सोलली तुम्ही!"

"अक्का, लेव्हल केला."

"लेव्हल! घोडीला न्हाव्याकडे नेलं तुम्ही. ती काळी पापडी म्हणजे घाण समजलात? चाळीस वर्षांचं तेल होतं ते."

आबा एरवी डेपो मॅनेजरचं ऐकून घेत नसत. इथे हात बांधून उभे राहिले. सुगनबाईनं स्टुलावर बैठक मारली आणि हुकूम सुरू केले. आधी रॉकेल घालव, घास, तापव, पूर्ण कोरडा कर. आता जवसाचं तेल. अरे इतकं नाही, पुसून टाक, लावलंच नाही असं वाटायला हवं. आता धूर निघेपर्यंत ठेव. थंड होऊ दे. परत लाव.

"मग अर्ध्या कांद्यानं घासायचं," ती म्हणाली. "घासा तुम्ही, मी तोंड फिरवते. आमच्यात कांदा चालत नाही. पण तव्याला काय धर्म असतो?"

शुक्रवारभर, शनिवारभर हेच. घरात इतका धूर की तोताराम दोनदा धावत आला. शनिवारी दुपारी तवा आधी पिवळसर, मग तपकिरी, मग बऱ्यापैकी काळा झाला आणि पहिलं धिरडं सुटलं. आबा इतके हरखले की ते त्यांनी हातात धरूनच माझ्याकडे आणलं, चटके बसले तरी.

पण सगळीकडे सारखं? नव्हतं. आता मधे डाग आणि कडा फिकट.

"पीठ मधे जमत नाही, तवा सपाट आहे, मग का?" आबा गुरगुरले. खाली वाकून त्यांनी गॅसची आग बघितली. बराच वेळ बघितली. बर्नर लहान, आग फक्त मधे लागत होती. पोट असो नसो, दोष आचेचा आणि हाताचा होता; तवा चाळीस वर्षं निर्दोष होता, हे त्यांना ओट्यापाशी वाकून कळलं. मग त्यांनी उगाच ओटा पुसायला घेतला, आणि मी खिडकीतून तोतारामची शेळी बघत राहिले. थोडी माणुसकी माझ्यातही आहे.

सुगनबाई म्हणाली, "आच कमी. पीठ तासभर भिजू दे. दर धिरड्याआधी पाण्याचा हबका, म्हणजे तवा शांत होतो. पीठ कडेनं टाकत आत ये. आणि तवा फिरवत राहा."

"फिरवू कसा? ओळीनं?"

"ते मला काय माहीत, मी हातानं फिरवते, डोक्यानं नाही."

आबांचे डोळे चमकले. बसच्या चाकाचे नट ओळीनं आवळत नाहीत, समोरासमोरचे आवळतात, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. तवा त्यांनी तसाच सरकवला. एक कड आगीवर, मग तिच्या समोरची, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीला मनातल्या मनात वीस अंक. वर झाकण. ते धिरडं उलथलं तेव्हा या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच रंग होता, गव्हाळ. सुगनबाईनं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "हूं." मारवाडी सासूची हूं म्हणजे सोन्याचं पदक.

रविवारी नर्मदाबाई आली. गाल आत गेलेले, बोलणं मात्र शाबूत. आबांनी तिला बसवलं, धिरडं पुढे ठेवलं, गरम दूध ठेवलं. तिनं कड मोडली. कड मऊ. मधला तुकडा मोडला. तोही शिजलेला. तिनं एक संपवलं, दुसरं मागितलं. आबा माझ्याकडे असे बघत होते, जणू मागण्या मान्य झाल्या.

मग ती सवयीनं उठली, ओट्यापाशी गेली आणि गार झालेला तवा एका हातानं उचलला.

तिथेच थांबली. खाली ठेवला. परत उचलला.

"सपनाना बाप, हाऊ तवा उपास करी राह्यना व्हता का?"

"काब्र? काय व्हयनं?"

"हलका व्हयना."

काळा रंग परत आणता आला होता. वजन कुठून आणणार? आबांनी सगळं सांगितलं. रतिलाल, लेथ, पोट, बर्नर, शेळीसुद्धा. एक शब्द गाळला नाही. सांगताना खाली बघत होते. नर्मदाबाई तव्यावरून हात फिरवत ऐकत होती. मला वाटलं, आता रडेल.

"तुमनं पोट मी रोज देखस," ती शेवटी म्हणाली. "तुमले कधी लेथवर चढायं का मी?"

मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. आबांना हसावं की नाही ते ठरवता येईना.

"मना मायना तवा तुम्ही बिघाडा. आते हाऊ तुमना. रोज सकाळे तुम्हीच टाकश्यात धिरडा."

"कवळी येवालोंग?"

"देखू."

तेव्हापासून आमचा नऊचा मोर्चा अकराला निघतो. भोंगा आबांच्या पिशवीत, आणि आबा धिरडी झाल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. मी चिडते, ते ऐकून घेतात, वेळ तीच राहते.

कवळी येऊन चार महिने झाले. ती स्टीलच्या डबीत असते. नर्मदाबाई म्हणते, हिरडीला टोचते, अजून चावता येत नाही. आबा दर सकाळी कड दाबून बघतात, मऊ आहे ना म्हणून.

परवाच्या मोर्चात मात्र ती माझ्या मागच्या रांगेत होती. घोषणा थांबल्या आणि मागून कडाकडा आवाज आला. वळून बघते तर नर्मदाबाई फुटाणे खात होती, मूठ भरभरून. मला बघून हात पदराआड गेला.

"ताई, त्यासले सांगू नका हं."

पुढे आबा भोंग्याची तार जोडत होते. मी तोंड तिकडे वळवलं आणि घोषणा दिली.