ठासून सांगणं

सोमवार, १४ मार्च २०१६, हार्लेम. सकाळी ऊन, दुपारी गार वारा. सून नीलांबरी पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आली.

ती इथे आली तेव्हा नुसती सुदर्शनची बायको होती. आता पाळणाघरात नोकरी करते. मुलं उचलून तिचा उजवा खांदा धरला आहे. हात वर जात नाही, त्यामुळे नोकरीची धास्ती. तरी डॉक्टरांपुढे म्हणते, "तसं ठीक आहे, थोडं दुखतं." इथले डॉक्टर तेवढंच खरं मानून पॅरासिटामॉल घ्यायला सांगतात.

काल मी म्हटलं, "अगं, ठासून सांग."

"म्हणजे भांडू का, आई?"

"भांडायचं कशाला? ठासणं म्हणजे दाबून भरणं. जुन्या बंदुकीत दारू गजाने ठासत. सैल राहिली की बार फुसका. तुझं बोलणं तसंच सैल असतं."

"बिचारे डॉक्टर," ती हसली.

आज तिने सांगितलं, हात उचलत नाही, कामावर मुलं उचलावी लागतात, मला तज्ज्ञांकडे पाठवा. डॉक्टरांनी खांदा तपासून चिठ्ठी दिली.

घरी आल्यावर त्याच आवाजात सुदर्शनला म्हणाली, "खांदा बरा होईपर्यंत पोळ्या तू करायच्यास."

आजच्या पोळ्या जाड झाल्या.