फ्रीजरमधली गोधडी

गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांची कंपासपेटी काही झाली नाही. उद्या लेक तान्ह्या बाळाला घेऊन येणार, म्हणून बाई गोधडी करायला बसल्या होत्या. कंपासने गोल, कोनमापकाने चांदण्या, टाचण्यांऐवजी ग्लू स्टिक! रेघा खोडता येणाऱ्या पेनाने मारलेल्या. चुकलं की घासून खोडायचं, पुन्हा काढायचं.

"वहिनी, गोधडी आहे की गृहपाठ?" कपडे शिवण्यात आयुष्य घालवलेली नणंद दारातूनच म्हणाली.

"वन्सं, नव्वद अंश म्हणजे नव्वद. तुमच्यासारखं अंदाजपंचे नाही!"

तेवढ्यात यजमानांना मदतीचा उमाळा आला. त्यांनी कापडावर गरम इस्त्री फिरवली आणि काय सांगावं, एकही रेघ उरली नाही! पडदा उघडावा आणि रंगमंच रिकामा, तसं कोरं कापड. बाईंनी कापड उलटंपालटं करून पाहिलं. मग त्यांना असल्याच, उष्णतेने शाई उडणाऱ्या पेनाने लिहिणारी एक विद्यार्थिनी आठवली. "बाई, वही उन्हात राहिली, अक्षरं उडाली. फ्रीजरमध्ये ठेवली की परत येतात," असं ती रडत सांगत होती आणि बाईंनी तिला बाकावर उभं केलं होतं.

कापड फ्रीजरमध्ये गेलं. तासाभराने चांदण्या परतल्या, आणि त्यांच्याबरोबर बाईंनी खोडलेल्या साऱ्या चुकाही!

"अगंबाई, एवढ्या?" नणंद खो खो हसली.

"वन्सं, यातली खरी रेघ कुठली हो?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला.

नणंदेने सुई ओवली. "बाळ काही कोन मोजणार नाही. दिसेल त्या रेघेवर घाला टाका. तुम्ही त्या कडेने, मी या कडेने."