भूम ते सास्तूर : मधाच्या बाटलीची खरी हकीकत

“आबा मधाची बाटली एस.टी.त विसरले, आणि ते कबूल करायची लाज वाटली म्हणून बारशात हट्टाला पेटले.” सास्तूरचे माझे व्याही विश्वनाथआप्पा ही कथा वर्षभर सांगत आहेत. ती साफ खोटी आहे. त्या गाडीत मी होतो, आप्पा नव्हते.

बारशाला घरातल्या सर्वांत वडील माणसाने बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा, ही आमची रीत. पणतीच्या वेळी तो मान माझा. भूमहून सकाळीच निघालो. तेरखेड्याच्या गतिरोधकावर गाडी अशी उडाली की बाटलीचे बूच निघून मध शेजारच्या परिचारिकेच्या साडीवर सांडला. तिने न रागावता स्वतःचा निळ्या काठाचा रुमाल बाटलीच्या तोंडाला बांधला.

“कुणासाठी, आबा?”

“पणतीसाठी. बारसं आहे.”

“मग न्हाय द्यायचा. वर्षाच्या आत मध न्हाय. त्यात जंतूंची बीजं असत्यात. आपल्याला पचत्यात, तान्ह्याच्या आतड्यात रुजत्यात. लेकरू लुळं पडतं, दूध ओढत न्हाय.”

“माझ्या पाचही लेकरांना बारशाला चाटवला होता. कुणाला काय झालं?”

“पाच जणं डोळे मिटून रस्ता वलांडून वाचली, म्हणून पणतीलाबी तसंच धाडणार व्हय?”

मी हरलो नाही. धाराशिव आले म्हणून वाद थांबला. स्थानकावर तिला गुलाबजाम खाऊ घातले, ते साडीबद्दल. जाताना तिने बजावले : गरोदर बाईला ताप आला, अंगावरून घाण वासाचे पाणी गेले, तान्हे सुस्त झाले, तापले वा गार पडले, दूध सोडले, तर अंगारा (देवाची राख) लावत बसू नका, तडक दवाखाना.

सास्तूरला पाळणा सजला होता. आप्पा चांदीची वाटी घेऊन उभे.

“काढा मध, आबासाहेब.”

बाटली पिशवीत, धोतराखाली होती.

“मध नाही.”

“इसरलात जणू! ऱ्हाऊ द्या, आमच्याकडं लई हाय.”

“पणतीच्या जिभेला मध लागेल तर माझ्याच बाटलीतला. नाहीतर मी हा निघालो!”

जंतूंचे कारण सांगितले असते, तर आप्पांनी स्वतःच्या सात लेकरांचा दाखला दिला असता, आणि तो दाखला किती चिवट असतो हे मला सकाळीच कळले होते. म्हाताऱ्याचा रुसवा मात्र कुणी ओलांडत नाही. वाटी कोरडीच राहिली. नातीला, म्हणजे पणतीच्या आईला, तेवढे मी एकांतात सारे सांगितले. तिने पणतीला छातीशी घट्ट धरले.

गेल्या आठवड्यात पुन्हा सास्तूरला जाऊन आलो. पणती आता सव्वा वर्षाची आहे, माझी काठी ओढते. परतीच्या वाटेवर ठरवले की ही हकीकत लिहायचीच. आप्पांनी खुशाल हवे ते सांगावे. गेल्या आठवड्यातल्या भेटीत मी पणतीला अंगठीने जो साखर धरलेला मध चाटवला, तो निळ्या काठाचा रुमाल बांधलेल्या बाटलीतला होता, आणि रुमालाची गाठ आप्पांनीच सोडली.