हळदकुंकू लावलेला ब्लॉक

पाकिटातून ब्लॉक काढला, तर त्यावर हळदकुंकू. एक अक्षतही चिकटलेली.

ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी वडी. दुर्बिणीने काढलेला पोटातला तुकडा आम्ही लॅब टेक्निशियन तिच्यात बसवतो आणि पहिल्या तपासणीनंतर वडी पाकिटात घालून पेशंटच्या घरी जपायला देतो. ही वडी पुसदजवळच्या सुदामकाकांची. त्यांना जठराचा कॅन्सर. डॉक्टरांना त्या तुकड्यावर हर-टू टेस्ट हवी होती. हर-टू हे पेशीवरचं एक प्रोटीन. ते भरपूर असेल तर केमोसोबत आणखी एक औषध देता येतं आणि आशा थोडी वाढते.

"काकू, हे काय?" मी त्यांच्या बायकोला विचारलं.

"तुम्हीच सांगतलं न भाऊ, लय महत्त्वाचं हाये, जपून ठेवा. मंग देवापाशी ठेवलं. रोज दिवा लावला."

"दिवा? मेणाजवळ?"

"जरासं वाकडं झालतं. म्या बोटानं सरळ केलं."

काका म्हणाले, "चाळीस वर्सांत मले कधी ओवाळलं नाही. माह्या तुकड्याले रोज ओवाळून राह्यली!"

"पुन्हा तुकडा काढायचा का?" असं मी विचारताच काका चपला शोधू लागले. "ते नळी मी पुन्हा गिळत नाही. मेलो तरी चालन."

म्हणजे तुकडा हा एवढाच. मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेलो.

"मॅडम, हळद तासून काढू?"

"तासताना तुकडाच गेला तर? मेण वितळव. नव्या मेणात बसव."

मी वितळवलं. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्याने उचलला. घरातला पहिला पदवीधर मी. शिकवणाऱ्या सगळ्या सरांचे उपकार आठवले. पण हळदीचा धडा कुणीच घेतला नव्हता.

तुकडा नीट बसला. पातळ काप काढून स्लाइड नागपूरला पाठवल्या. रिपोर्ट आला: थ्री प्लस, म्हणजे प्रोटीन भरपूर. काकांचं नवं औषध सुरू झालं. काकू पेढे घेऊन आल्या.

"देवानं केलं," त्या म्हणाल्या.

"थोडं यानंही केलं," मॅडम माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. काकूंनी मला एक पेढा जास्त दिला.

मग मॅडमनी पाकिटांवर छापून घेतलं: 'पूजा करू नये.' पुढच्याच आठवड्यात झरी जामणीकडच्या एका गृहस्थाने असं पाकीट घरात घेतलंच नाही. पूजा चालत नाही म्हणजे वस्तू अशुभ, म्हणून गोठ्यात टांगून ठेवलं.

सूचना एका ओळीत लिहावी, हे मी शिकलो. ती ओळ कोणती, ते अजून ठरायचं आहे.